ॲडव्हाइस की ॲडव्हाइझ? शाळेतलं कठोर-मृदू आठवा

मेलच्या शेवटी "प्लीज ॲडव्हाइस" असं मी कित्येक वर्षं लिहायचो आणि कोणी कधी टोकलं नाही, बरोबर आहे "प्लीज ॲडव्हाइझ" कारण तिथे क्रियापद पाहिजे, सल्ला द्या म्हणतोय आपण. अशा जोड्यांच्या लांबलचक याद्या पाठ करू नका, दोन दिवसात विसरतात. त्यापेक्षा मराठी व्याकरणात संधी शिकताना कठोर व्यंजन आणि मृदू व्यंजन शिकलो होतो ना, तेच इथे कामाला येतं.

आधी घशावर दोन बोटं ठेवा आणि स्स्स्स असा लांब आवाज काढा, बोटांना काहीच जाणवणार नाही. आता "माझा" मधला झ तसाच लांबवा (माझा मधला बरं का, "माझी" मधला नाही), लगेच घसा थरथरतो. स कठोर, झ मृदू. आता नियम एवढाच की शब्दाचा शेवट कठोर असेल तर बहुतेक वेळा नाम किंवा विशेषण, मृदू असेल तर क्रियापद. ॲडव्हाइस म्हणजे सल्ला, ॲडव्हाइझ म्हणजे सल्ला देणे. यूस म्हणजे उपयोग आणि यूझ म्हणजे वापरणे, हे तर स्पेलिंग सेम असून फक्त उच्चारात कळतं. क्लोस म्हणजे जवळचा, क्लोझ म्हणजे बंद करणे. लूस म्हणजे सैल, लूझ म्हणजे हरवणे, आणि सैल कपड्यात जागा जास्त तसे लूस मध्ये ओ पण दोन.

फ आणि व्ह चं पण तसंच, प्रूफ-प्रूव्ह, बिलीफ-बिलीव्ह, सेफ-सेव्ह. थ आणि द चं पण, ब्रेथ म्हणजे श्वास आणि ब्रीद म्हणजे श्वास घेणे, लिहिताना ब्रीद च्या शेवटी जास्तीचा ई लागतो तो बरेच जण विसरतात.

हे असं का तर जुन्या इंग्रजीत हाउस सारख्या शब्दाचं क्रियापद करताना शेवटी स्वर लागायचा, मग तो स दोन स्वरांच्या मधे येऊन मृदू व्हायचा, पुढे तो स्वर बोलण्यातून गेला पण मृदूपणा तसाच राहिला. मला हे कळलं तेव्हा खरंच खूप छान वाटलं, कारण स्पेलिंगमागे काहीतरी कारण आहे हे शाळेत कधी कोणी सांगितलंच नव्हतं.

अपवाद आहेत. प्राइस आणि प्राइझ दोन्ही नामं, किंमत आणि बक्षीस. प्रॉमिस नाम असो की क्रियापद, स च राहतो. प्रॅक्टिस चा उच्चार दोन्हीकडे एकच, ब्रिटिश पद्धतीत नामाला सी आणि क्रियापदाला एस, अमेरिकन लोक दोन्हीला सी च लिहितात, तुम्ही कोणतीही एक पद्धत धरा पण एकाच लेखात दोन्ही मिसळू नका.

आणि हो, ॲडव्हाइस चं अनेकवचन होत नाही, दहा सल्ले दिले तरी शेवटी एस लावायचा नाही.