जुना फ्लॅट नव्याने करताना: फोडकामाच्या आधी ठरवा

पंचवीस-तीस वर्षं जुना टू बीएचके नव्याने करायला घेतला की घर शेवटी तुकड्यातुकड्यांचं दिसतं, कारण प्रत्येक वस्तू त्या-त्या दिवशी दुकानात उभं राहून ठरते. म्हणून फोडकामाआधी फरशी, लॅमिनेट (सनमायका), रंग, पडदा आणि हँडल यांचे नमुने एका पुठ्ठ्यावर लावा. फरशी सगळ्या खोल्यांत एकच, लाकडाची छटा एक, गडद रंग एकच आणि धातू एकच (स्टील किंवा पितळी). नमुने दुकानाच्या दिव्यात पाहून पसंत करू नका. घरात 3000 केल्विनचे पिवळसर दिवे लावणार असाल तर त्याच दिव्याखाली पाहा. 6500 च्या पांढऱ्या उजेडात छान दिसलेला राखाडी तिथे मळकट दिसतो. रंगाचा पट्टा भिंतीवर दोन बाय दोन फुटांचा मारून सकाळी आणि रात्री पाहावा.

घराचं वेगळेपण महागड्या वॉलपेपरमधून येत नाही. आजीचं सागवानी कपाट असेल तर त्याच्याच छटेवरून लॅमिनेट निवडा. देवघराची जागा, पुस्तकांची लांबी, पोळपाट ठेवायची जागा हे सगळं आधी मोजा. ओट्याची उंची सरसकट 32 इंच धरू नका. जी व्यक्ती सर्वांत जास्त वेळ स्वयंपाक करते, तिच्या कोपरापासून चार-पाच इंच खाली ओटा यावा. घरात ज्येष्ठ असतील तर संडास-बाथरूमच्या भिंतीत आधाराच्या दांड्यांची जागा आताच ठरवा. टाइल बसल्यावर भोक पाडलं तर टाइल तडकू शकते आणि वॉटरप्रूफिंगलाही धोका.

सोसायटीची लेखी परवानगी घ्या आणि राडारोडा कुठे टाकायचा ते विचारून ठेवा. कॉलम आणि बीमला हात लावायचा नाही. भिंत पाडायची असेल तर ती इमारतीचा भार न पेलणारी, नुसती आडोशाची आहे का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्या. कंत्राटदाराच्या 'काही होत नाही' वर जाऊ नका.

कामाचा क्रम चुकला की पैसे दुप्पट लागतात. आधी फोडकाम, मग प्लंबिंग आणि भिंती कापून वायरिंगचे पाइप, मग वॉटरप्रूफिंग, टाइल्स, फॉल्स सीलिंग, सुतारकाम आणि शेवटी रंग. वायरिंगमध्ये कंजुषी नको: दिव्यांना 1.5, साध्या प्लगना 2.5, एसी-गीझरला 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, प्रत्येक एसीला स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) आणि मुख्य बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच). पलंग आणि टीव्ही कुठे येणार हे ठरल्याशिवाय प्लगच्या जागा आखू नका, नाहीतर नेमका पलंगाच्या मागे बोर्ड अडकतो.

बाथरूम हा सगळ्यात बेभरवशाचा भाग. वॉटरप्रूफिंग जमिनीवर आणि भिंतींवर किमान एक फूट, शॉवरच्या बाजूला पूर्ण उंचीपर्यंत न्यावं. नंतर नहाणी ट्रॅप (जमिनीतलं पाणी जायचं तोंड) बंद करून दोन-तीन इंच पाणी किमान 48 तास साचवून ठेवा आणि खालच्या मजल्याचं छत पाहून या. ओल दिसली तर टाइल लावू नका. उतार ट्रॅपकडे दर फुटाला 3 ते 4 मिलिमीटर हवा. कमी झाला तर कोपऱ्यात डबकं, आणि तिथलं ग्राऊट (टाइलच्या सांध्यांतलं भरण) काळं पडतं. टाइल्स एकाच बॅचच्या घ्या, खोक्यावरचा शेड क्रमांक जुळवून, दहा टक्के जास्त. जुन्या फरशीवरच नवी चिकटवायची असेल तर पातळी वाढते, दारं खालून कापावी लागतात आणि पोकळ वाजणारी जुनी फरशी आधी काढावीच लागते.

ओट्याखालच्या कपाटांना आयएस 710 (भारतीय मानक) चा बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्यात टिकणारा प्लाय, बाकी फर्निचरला आयएस 303 चा बीडब्ल्यूआर, म्हणजे ओल सोसणारा प्लाय पुरतो. लॅमिनेट बाहेरून एक मिलिमीटरचं, आतून पातळ चालेल. पण आतून काहीच न लावल्यास दाराची फळी वाकते आणि दार नीट बंद होत नाही. लॅमिनेट लागेल तेवढं एकदाच आणा. सहा महिन्यांनी तोच कोड मागवलात तरी छटा हलकी वेगळी येऊ शकते.

नवं प्लास्टर ओलं असताना पुट्टी लावली की पापुद्रे सुटतात, म्हणून भिंत पूर्ण कोरडी होऊ द्या. टाइलचं एक खोकं शिल्लक ठेवा, आणि रंग, लॅमिनेट, ग्राऊट यांचे कोड कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा.