आपला क्लब लाजिरवाणा हरतो तेव्हा: दूरवरच्या चाहत्यासाठी काही सूचना

युरोपातला आपला लाडका फुटबॉल क्लब एखाद्या रात्री सात-आठ गोल खाऊन हरतो, तेव्हा त्या शहरातल्या चाहत्याला निदान सोबत असते. मैदानातून बाहेर पडताना त्याच्या आजूबाजूला त्याच्यासारखीच हजारो उतरलेली तोंडे असतात. परभणीत, हिंगोलीत किंवा लातूरच्या एखाद्या वसतिगृहात मोबाइलवर सामना पाहणाऱ्या मुलाला ती सोबत नसते. घरचे झोपलेले असतात, गावात बहुतेकांचा जीव क्रिकेटमध्ये आणि कबड्डीत असतो, आणि सकाळी ज्यांना ऑफसाइड म्हणजे काय हेही ठाऊक नाही अशी माणसे चहाच्या टपरीवर "काय मालक, रात्री सात बसले म्हणं!" असे विचारतात. मी वीस वर्षांहून अधिक काळ मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश क्लबचा चाहता आहे आणि अशा रात्री मी पुष्कळ काढल्या आहेत. त्यांत काय करावे आणि काय टाळावे, हे मला उमगले तसे पुढे लिहीत आहे. आपल्याकडच्या तरुण चाहत्यांना त्याचा उपयोग व्हावा, एवढीच इच्छा आहे.

माझ्या मनावर कोरली गेलेली रात्र ५ मार्च २०२३ ची आहे. त्या रविवारी अॅनफिल्ड या आपल्या मैदानावर लिव्हरपूलने युनायटेडचा ७-० असा धुव्वा उडवला. दुसऱ्या दिवशी होळी होती. लातूरला शिकवणीसाठी राहिलेल्या पुतण्याला सणासाठी गावी न्यायला मी गेलो होतो आणि रात्री त्याच्याच खोलीवर थांबलो होतो. भारतीय वेळेनुसार दहाला सामना सुरू झाला, तेव्हा सहा मुले एका गादीवर दाटीवाटीने बसली होती आणि मोबाइल भाकरीच्या स्टीलच्या डब्याला टेकवून उभा केला होता. मध्यंतराला फरक केवळ एका गोलाचा होता. उत्तरार्धात सहा गोल झाले. सहावा गोल झाला तेव्हा त्या खोलीतला लिव्हरपूलचा एकमेव चाहता पुढे वाकला आणि त्याने काही न बोलता आवाज कमी केला. जिंकणाऱ्या बाजूच्या चाहत्याने कसे वागावे, याविषयी मला याहून वेगळे काही सांगायचे नाही.

हरणाऱ्या बाजूच्या चाहत्याने पहिली गोष्ट ही करावी, की शेवटच्या शिट्टीपर्यंत उठू नये. चार गोल झाल्यावर मोबाइल पालथा घालणे सोपे असते, पण संघाचे खरे दुखणे त्यानंतरच दिसते: कोण धावून मागे येतो, कोण कमरेवर हात ठेवून उभा राहतो, कर्णधार कोणाशी बोलतो, प्रशिक्षक बदली खेळाडू कोणत्या हेतूने उतरवतो. शिवाय "तीन काय नि सहा काय, हार ती हारच" हे म्हणणे साखळी स्पर्धेत खरे ठरत नाही. २३ ऑक्टोबर २०११ रोजी ओल्ड ट्रॅफर्ड या युनायटेडच्याच मैदानावर मँचेस्टर सिटीने त्यांना ६-१ असे हरवले, आणि त्यांतले शेवटचे तीन गोल अगदी अखेरच्या मिनिटांत झाले. त्या हंगामाच्या शेवटी दोन्ही संघांचे गुण सारखेच, म्हणजे ८९ झाले आणि विजेतेपद सिटीला गोलफरकावर, म्हणजे केलेल्या गोलांतून खाल्लेले गोल वजा करून, मिळाले. सिटीचा गोलफरक ६४ होता आणि युनायटेडचा ५६. ऑक्टोबरमधल्या त्या एका सामन्याने दोघांमध्ये दहा गोलांचे अंतर पाडले होते, हे लक्षात घेतले म्हणजे हरत असलेल्या संघाने अखेरची दहा मिनिटे का लढवायची असतात, हे वेगळे समजवावे लागत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे त्या रात्री काहीही लिहू नये, स्टेटस ठेवू नये आणि ग्रुप सोडू नये. रात्री बाराला लिहिलेले वाक्य सकाळी सातला आपल्यालाच वाचावेसे वाटत नाही, आणि तोवर त्याचे स्क्रीनशॉट सगळीकडे फिरलेले असतात. ग्रुप रागाने सोडला, तर परत येताना मान आणखी खाली घालावी लागते. मोबाइल चार्जिंगला लावावा, पाणी प्यावे आणि झोप येवो न येवो, आडवे व्हावे. ज्यांची सकाळी शिकवणी किंवा कामाची पाळी असते, त्यांच्यासाठी हे विशेष महत्त्वाचे आहे.

खरे काम दुसऱ्या दिवशी सुरू होते. मराठीत मोठ्या पराभवाला आपण सरसकट "पानिपत" म्हणतो, पण प्रत्येक मोठी हार एकाच जातीची नसते. काही हारी एका रात्रीच्या असतात आणि काही वर्षानुवर्षे साचत आलेल्या असतात. आपल्या वाट्याला आलेली हार यांतली कोणती, हे ओळखता आले तर राग योग्य ठिकाणी जातो आणि उगीच कोणाच्या तरी डोक्यावर खापर फुटत नाही.

बार्सिलोनाचे उदाहरण घेऊ. १४ ऑगस्ट २०२० रोजी लिस्बनमध्ये, प्रेक्षकांविना झालेल्या चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व सामन्यात बायर्न म्युनिकने त्यांना ८-२ असे हरवले. आपल्याकडे तेव्हा स्वातंत्र्यदिनाची पहाट व्हायची होती. पहिल्या ३१ मिनिटांतच बायर्नचे चार गोल झाले होते. ज्यांनी केवळ तो सामना पाहिला, त्यांना तो वीज कोसळल्यासारखा वाटला. मागची दोन वर्षे ज्यांनी पाहिली होती, त्यांना ढग आधीच दिसत होते. २०१८ मध्ये रोमाविरुद्ध पहिला सामना ४-१ असा जिंकून दुसरा ३-० असा हरल्यामुळे (बेरीज बरोबरीत सुटली, तर तेव्हा दुसऱ्याच्या मैदानावर केलेले गोल जड धरले जात) आणि २०१९ मध्ये लिव्हरपूलविरुद्ध तीन गोलांची आघाडी घेऊन परतीचा सामना ४-० असा हरल्यामुळे हाच संघ स्पर्धेबाहेर पडला होता. लिस्बनमध्ये मैदानात उतरलेल्या अकरांपैकी मेसी, सुआरेझ, पिके आणि विदाल ३३ वर्षांचे, बुस्केट्स ३२ वर्षांचा आणि आल्बा ३१ वर्षांचा होता. समोरचा संघ चेंडू हरवल्याबरोबर तो परत मिळवण्यासाठी अंगावर धावून येणारा होता, आणि त्या धावण्याला उत्तर देण्याचे बळ या मधल्या फळीत उरले नव्हते. शेवटचे दोन गोल ज्याने केले तो कुटिन्यो तर बार्सिलोनानेच मोठी रक्कम मोजून विकत घेतलेला आणि मग बायर्नला उसना दिलेला खेळाडू होता. क्लबचा कारभार कसा चालला होता, हे या एका गोष्टीवरून कळते. तीन दिवसांत प्रशिक्षक सेतियेन यांना काढले गेले, २५ ऑगस्टला मेसीने क्लब सोडण्याची इच्छा लेखी कळवली आणि ऑक्टोबरच्या अखेरीस अध्यक्ष बार्तोमेउ यांनी राजीनामा दिला. एवढी पडझड एका रात्रीच्या चुकीने होत नसते.

याच्या उलट टोकाला आर्सेनल आहे. २८ ऑगस्ट २०११ रोजी युनायटेडने त्यांना ८-२ असे चिरडले. त्या आठवड्यातच त्यांनी मेर्टेसाकर, आर्टेटा असे अनुभवी खेळाडू घेतले आणि हंगाम तिसऱ्या स्थानावर संपवला. रोग ओळखून लगेच औषध दिले गेले.

आणि आमचे ७-०? त्या सामन्याच्या बरोबर एक आठवडा आधी युनायटेडने वेम्बलीवर न्यूकॅसलला हरवून लीग कप जिंकला होता आणि हंगामाअखेरीस युनायटेड तिसरे, तर लिव्हरपूल पाचवे आले. म्हणून मी ती हार एका रात्रीची समजलो आणि सगळ्यांना तसेच सांगत राहिलो. ते माझे चुकले. त्याच हंगामात हा संघ ब्रेंटफर्डकडून ४-० आणि सिटीकडून ६-३ असा हरला होता, आणि दुसऱ्यांच्या मैदानावर लागोपाठ दोन गोल बसले की या संघाची वीण उसवते, हे दोन्ही वेळा दिसले होते. अॅनफिल्डवर मध्यंतरानंतर पाच मिनिटांत दोन गोल बसले आणि तेच पुन्हा घडले. पुढच्या हंगामात युनायटेड आठव्या स्थानावर घसरले, तेव्हा मला ते तीन सामने एकत्र आठवले. म्हणून माझी सूचना अशी आहे, की हरल्यावर आधी वही घ्यावी आणि गोल कोणत्या मिनिटाला, कोणत्या बाजूने, कोणाच्या चुकीनंतर झाले हे लिहावे. मग त्याच हंगामातल्या मागच्या तीन-चार मोठ्या हारी तशाच मांडून पाहाव्यात. तेच ते मिनिट आणि तीच ती बाजू पुन्हा पुन्हा दिसली, तर दुखणे जुने आहे असे समजावे. अर्ध्या तासाचे हे काम आहे आणि त्याने मन जितके शांत होते, तितके कोणत्याही वादाने होत नाही.

आता रागाविषयी. प्रशिक्षकाच्या डावपेचांवर, संचालकांच्या खरेदीवर, मालकांच्या हेतूवर चाहत्याने कठोर शब्दांत बोलावे, तो त्याचा हक्क आहे. एखाद्या खेळाडूच्या खात्यावर जाऊन त्याच्या आईबहिणीवरून, रंगावरून किंवा धर्मावरून लिहिणे, हा मात्र गुन्हा आहे. आपण एवढ्या दूरून लिहितो, तिथपर्यंत कुठे पोहोचणार, असे आपल्याकडच्या मुलांना वाटते. ते पोहोचते. ११ जुलै २०२१ रोजी युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इंग्लंडच्या रॅशफर्ड, सँचो आणि साका यांच्या पेनल्टी हुकल्या. त्यानंतर त्यांना वर्णद्वेषी शिव्या देणाऱ्यांचा शोध ब्रिटिश पोलिसांनी घेतला, तेव्हा त्यांतली बरीच खाती ब्रिटनबाहेरची निघाली. साका त्या वेळी अवघा १९ वर्षांचा होता, म्हणजे लातूरच्या त्या खोलीतल्या मुलांच्याच वयाचा. मँचेस्टरच्या विदिंग्टन भागात रॅशफर्डचे भिंतीवरचे चित्र कोणीतरी विद्रूप केले, तेव्हा आजूबाजूच्या लोकांनी त्या जागेवर चिठ्ठ्या आणि कागदी हृदये चिकटवून ती झाकून टाकली. चाहत्यांचा राग आणि चाहत्यांची माया, दोन्ही मी त्या एका भिंतीवर पाहिल्या आहेत, आणि दुसरी अधिक टिकते असा माझा अनुभव आहे.

पैशांचेही थोडक्यात सांगतो. २००९ मध्ये टॉटेनहॅमकडून ९-१ असे हरल्यावर विगनच्या खेळाडूंनी प्रवास करून आलेल्या चाहत्यांना तिकिटाचे पैसे परत केले होते, आणि २०१९ मध्ये लेस्टरकडून ९-० असे हरल्यावर साउदम्प्टनच्या खेळाडूंनी आणि प्रशिक्षकांनी त्या दिवसाचे मानधन क्लबच्या सेवाभावी संस्थेला दिले होते. दूरच्या चाहत्याला असे काही मिळत नाही आणि त्याने ती अपेक्षाही धरू नये. सामन्यावर पैसे मात्र कधीच लावू नयेत, आणि लावून गमावले असतील तर ते पुढच्या सामन्यात भरून काढण्याच्या मागे लागू नये. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर केंद्र सरकारने २०२५ मध्ये कायद्याने बंदी घातली आहे, आणि कायदा नसता तरी मी हेच सांगितले असते, कारण मॅचच्या नादात वसतिगृहाची फी गमावलेला एक मुलगा मी पाहिला आहे.

चिडवणाऱ्यांना कसे तोंड द्यावे, हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो. पहिला टोमणा हसून घ्यावा आणि त्याला उत्तर देऊ नये. दुसऱ्याला "हो, वाईट हरलो" एवढेच म्हणावे, कारण कबुली दिलेल्या माणसाला चिडवण्यात समोरच्याला गोडी राहत नाही. जुने चषक मोजून दाखवू नयेत. कालच्या हारीला वीस वर्षांपूर्वीचा चषक हे उत्तर होत नाही. पंचांना दोष द्यायचाच असेल, तर सात गोलांच्या हारीनंतर तो मुळीच देऊ नये. त्या वर्षी धुळवडीला गावातल्या पोरांनी पुतण्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर पाठीमागून गुलाबी रंगाने मोठा सात काढला. तो चिडला असता, तर दिवसभर तोच खेळ झाला असता. त्याने वळून त्याच रंगाने काढणाऱ्याचे तोंड माखले आणि विषय तिथेच संपला.

एक गोष्ट त्याने केली, ती मात्र मला रुचली नाही. लाल जर्सी धुतल्यावर त्याने ती दोरीवर उलटी करून वाळत घातली, म्हणजे क्लबचे चिन्ह गल्लीतून दिसू नये. मी ती काढली आणि सुलटी करून घातली. १९७४ मध्ये युनायटेड दुसऱ्या श्रेणीत घसरले, तेव्हाही पुढच्या हंगामात इंग्लंडमधली सर्वांत मोठी सरासरी गर्दी ओल्ड ट्रॅफर्डवरच झाली होती, हे मी त्याला दोरीपाशीच उभे राहून सांगितले. हरल्याच्या आठवड्यात जर्सी घालून बाहेर पडावे. पहिले शंभर पावले जड जातात, पुढे कोणाचे लक्षही नसते.

आणि पुढचा सामना चुकवू नये. ७-० नंतर चारच दिवसांनी युनायटेडचा रेआल बेतिसशी युरोपा लीगचा सामना होता, जो आपल्याकडे शुक्रवारी पहाटे दीडला सुरू झाला. पुतण्या तोवर लातूरला परतला होता. प्रशिक्षक टेन हाग यांनी अॅनफिल्डवर उतरवलेले तेच अकरा खेळाडू पुन्हा उतरवले होते, एकही बदल न करता. ती यादी पाहून मी पुतण्याला फोन केला, तर तो जागाच होता. मागून डब्याचा आवाज आला आणि कोणीतरी "जरा सरळ लाव ना" म्हणाले. तो लिव्हरपूलवाला मुलगाही त्याच्याबरोबर बसला होता. सहाव्या मिनिटाला रॅशफर्डने गोल केला, आणि वॉर्डन उठू नये म्हणून तोंडावर हात दाबून ओरडलेल्या दोघांचा आवाज मला फोनवर ऐकू आला.