देवळातली पोर्तुगीज घंटा नोंदवताय? या चुका टाळा

नाशिकचं नारोशंकर मंदिर, वाईजवळचं मेणवली, भीमाशंकर. इथल्या मोठ्या घंटा मुळात पोर्तुगीज चर्चच्या. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्या विजयाची खूण म्हणून लोक या घंटांकडे बघतात. अभिमान रास्तच आहे. पण या घंटांवर लिहिताना बहुतेक जण आधीचा लेख उतरवून घेतात आणि घंटा नीट बघायची राहूनच जाते.

सगळ्यात जास्त घोळ सालाचा. भीमाशंकरच्या घंटेचं साल कुठे १७२१ छापलेलं सापडतं, कुठे १७२९. आकडे उठावाचे, वर झीज आणि तेलाचं पुट. समोरून फ्लॅश मारला की उठाव सपाट होतो आणि एक काय, नऊ काय, सारखेच दिसतात. फ्लॅश बंद करा. टॉर्च घंटेला जवळजवळ टेकवून आडवा उजेड टाका, अक्षराच्या कडेला सावली पडेल. मग उजेड डावीकडून, वरून, खालून टाकून त्याच आकड्याचे फोटो घ्या. तरीही खात्री पटली नाही तर नोंदीत प्रश्नचिन्ह ठेवा. अंदाजाने लिहिलेलं साल पुढे वर्षानुवर्षं फिरत राहतं.

अक्षर दिसावं म्हणून चिंच, भांड्यांची पावडर किंवा तारेचा ब्रश मात्र कधीही लावू नका. घासताना अक्षरांच्या कडाच जातात, आणि त्या परत येत नाहीत. मऊ कोरडा ब्रश पुरे.

मजकूर बहुधा घंटेभोवती गोल फिरतो. सुरुवात सापडत नसेल तर छोटा क्रूस शोधा, पुष्कळदा ओळ तिथूनच सुरू होते. ‘यू’च्या जागी ‘व्ही’ असतो, शब्द एकमेकांना चिकटलेले असतात. ‘आय-एच-एस’ ही अक्षरं ओतणाऱ्या कारागिराची आद्याक्षरं समजू नका. ती येशूच्या नावाची खूण आहे. ‘ओरा प्रो नोबिस’ म्हणजे ‘आमच्यासाठी प्रार्थना कर’. त्याच्या आधी एखाद्या संताचं नाव आलं तर ते जपून उतरवा. घंटा मूळ कुठल्या चर्चची, याचा धागा तिथे मिळू शकतो.

प्रत्येक युरोपीय घंटा वसईच्याच किल्ल्यातली, असं धरून चालू नका. साष्टी, ठाणे, चौल-रेवदंडा इथेही चर्च होती. घंटा जागाही बदलतात: पणजीच्या चर्चमधली मोठी घंटा जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठाची, तिथून ती आधी आग्वाद किल्ल्यावर गेली आणि १८७१ साली पणजीला आली. म्हणून ओतल्याचं साल, टांगल्याचं साल आणि ऐकीव कथा यांचे रकाने वेगळे ठेवा. नारोशंकरच्या घंटेवर १७२१ आहे, मंदिर १७४७ चं.

‘पंचधातूची’ असंही तपासल्याशिवाय लिहू नका. युरोपीय घंटेचा धातू साधारण चार भाग तांबं आणि एक भाग कथील असा असतो. वजनाचंही तेच. खालच्या काठाचा व्यास मोजा: एक मीटर व्यासाची घंटा ढोबळमानाने पाचशे ते सातशे किलोची भरते, आणि घडण तीच असून व्यास दुप्पट झाला तर वजन आठपट होतं.

घंटेचा नाद रेकॉर्ड करताना आवाज फाटतोय? मोबाईल घंटेखाली धरला असेल. काही मीटर मागे या, आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय बंद करा आणि पहाटे, गर्दी नसताना रेकॉर्ड करा. टोल घंटेच्याच लोलकाने, हलका. हातोडीने मारलेल्या एका ठोक्याने जुनी घंटा तडकू शकते. आधीच तडा दिसत असेल तर वाजवूच नका, फक्त तड्याची लांबी मोजा. आणि नाद पूर्ण विरेपर्यंत रेकॉर्डिंग थांबवू नका. ठोका विरल्यावर मागे राहणारा खालचा घुमारा हीसुद्धा त्या घंटेची ओळख आहे.

या सगळ्याआधी गुरवांना आणि विश्वस्तांना विचारा, आणि काढलेल्या फोटोंची एक प्रत देवळात ठेवा. घंटा चोरीला गेलीच, तर ओळख पटवायला तीच उपयोगी पडेल.