राखीव सर्व्हर उभा करताना: तयारीची यादी

राखीव सर्व्हर म्हणजे मुख्य सर्व्हर बंद पडला तर त्याची जागा घेणारं दुसरं मशीन. सुरुवात मशीनच्या खरेदीने करू नका. आधी मुख्य सर्व्हरवर काय काय चालतं ते कागदावर उतरवा: सामायिक फोल्डर, हिशेबाचा डेटाबेस, लॉगिन, प्रिंटर, रात्री आपोआप चालणारी कामं. ऑफिसात प्रत्येकाला विचारा, कारण कुणीतरी कधीकाळी लावून दिलेली एखादी स्क्रिप्ट (आपोआप काम करणारा छोटा प्रोग्राम) हमखास निघते. प्रत्येक नोंदीपुढे दोन आकडे लिहा. हे किती वेळ बंद राहिलेलं चालेल? आणि किती वेळाचं काम पुन्हा करावं लागलं तर सोसेल? दुसऱ्याचं उत्तर ‘एक दिवस’ असेल तर रात्रीची एक प्रत पुरते. ‘पाच मिनिटं’ असेल तर डेटाबेसचं सतत रेप्लिकेशन (मुख्यावरचा प्रत्येक बदल लगेच राखीववर उतरवणं) लागतं, आणि त्याची देखभालही गळ्यात पडते.

आता मशीन. प्रोसेसर थोडा जुना चालेल, डिस्क मात्र मुख्यापेक्षा लहान नको. यूपीएस वेगळा हवा, आणि जमलं तर खोलीही वेगळी. पहिली प्रत किती वेळात होईल याचा हिशेब आधीच करा: ५०० जीबी डेटाला १ गिगाबिटच्या नेटवर्कवर साधारण सव्वा तास लागतो, तर १०० मेगाबिटवर बारा तासांहून जास्त. म्हणून मधला जुना स्विच (नेटवर्कच्या केबली जोडणारा डबा) आधी तपासा.

फायलींसाठी आरसिंक (फक्त बदललेला भाग पाठवणारं प्रत काढण्याचं साधन) उत्तम. वापरकर्त्यांचे क्रमांक दोन्ही मशीनवर तेच ठेवा, नाहीतर फायली पोचतील पण मालकी भलत्याकडेच जाईल. चालू डेटाबेसच्या फायली मात्र अशा उचलू नका. प्रत अर्धवट क्षणाची निघते आणि बहुधा उघडत नाही. डेटाबेसची स्वतःची साधनं वापरा. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या स्ट्रीमिंग (सतत वाहत्या) रेप्लिकेशनला दोन्हीकडे एकच मुख्य आवृत्ती लागते. रेप्लिकेशन स्लॉट (राखीवने कुठपर्यंत बदल घेतले याची मुख्यावरची खूण) लावला असेल तर राखीव मशीन बंद असताना मुख्य सर्व्हर तिच्यासाठी लॉग, म्हणजे बदलांच्या नोंदी, साठवत राहतो, आणि मर्यादा घातली नसेल तर डिस्क भरून स्वतःच थांबतो. म्हणजे ज्याला वाचवायचं त्यालाच आपण पाडलं. तेव्हा रेप्लिकेशन किती मागे आहे आणि डिस्कवर जागा किती उरली आहे, या दोन्हींची सूचना फोनवर येईल अशी सोय पहिल्याच दिवशी करा.

राखीव सर्व्हर म्हणजे बॅकअप नव्हे, हे मी प्रत्येकाला पुन्हा पुन्हा सांगतो. मुख्यावर चुकून पुसलेला तक्ता काही क्षणांत राखीववरही पुसला जातो, आणि खंडणीखोर व्हायरसने कुलूपबंद केलेल्या फायलीही तितक्याच इमानाने तिथे पोचतात. तारीखवार जुन्या प्रती वेगळ्या ठेवा, त्यातली एक नेटवर्कपासून तोडलेली.

दोन्ही मशीनची घड्याळं एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याची पद्धत) जुळवा. कर्बेरॉसचं (नेटवर्कवर ओळख पटवण्याची पद्धत) लॉगिन पाच मिनिटांहून जास्त फरक सहसा खपवून घेत नाही. एसएसएल प्रमाणपत्रं (सुरक्षित जोडणीसाठी सर्व्हरची ओळख), फायरवॉलचे नियम, सॉफ्टवेअरचं लायसन्स (काही लायसन्सं एकाच मशीनला बांधलेली असतात) हेही पाहून घ्या. राखीववरची क्रॉनची (ठरल्या वेळी आपोआप चालणारी) कामं बंद ठेवा, नाहीतर ग्राहकांना एकच बिल दोनदा जाईल.

सगळ्यांचे संगणक सर्व्हरला नावाने शोधतील असं करा, आयपी (मशीनचा नेटवर्कवरचा आकडी पत्ता) कुठेही लिहून ठेवू नका. बदलाच्या वेळी मग ते नाव फक्त राखीवकडे फिरवायचं. त्या नावाचा टीटीएल (संगणक जुना पत्ता किती वेळ लक्षात ठेवतात तो काळ) ८६४०० सेकंद, म्हणजे एक दिवस, असेल तर बदलाच्या किमान एक दिवस आधी ३०० वर आणा.

मुख्याचं काम राखीवकडे नेण्याचा हा बदल आपोआप व्हावा का? दोनच मशीन असतील तर माझं मत स्पष्ट ‘नाही’ असं आहे. समोरचा सर्व्हर मेला की मधली केबल तुटली, हे राखीवला एकट्याने ओळखता येत नाही. दोघेही स्वतःला मुख्य समजून नोंदी घेऊ लागले तर त्या पुन्हा एकत्र करणं फार यातनेचं काम असतं. निर्णय माणसाने घ्यावा, आणि पहिली पायरी एकच: जुन्या मुख्याची वीज काढा. मगच राखीवला बढती द्या, म्हणजे त्याला मुख्य करा.

या पायऱ्या छापून दोन्ही मशीनजवळ लावा. पासवर्ड त्या सर्व्हरवरच ठेवू नका. मग कमी वर्दळीच्या दिवशी, सगळ्यांना सांगून, खरोखर बदल करा आणि किमान अर्धा दिवस राखीववर काम चालवा. सूत्रं तुमच्याऐवजी दुसऱ्या कुणाच्या हाती द्या, तुम्ही फक्त बघा आणि तो जिथे अडेल तिथे कागद दुरुस्त करा. परत येण्याचा सरावही त्याच दिवशी उरका: जुना मुख्य सर्व्हर रिकाम्यासारखा धरून राखीववरून पुन्हा भरायचा, ताळा जुळवायचा, आणि संध्याकाळी माणसं घरी गेल्यावरच नाव परत फिरवायचं.