अ‍ॅस्ट्रोसाइटमधला डी२ मोजताय? या चुका टाळा

मेंदूत टी४ या थायरॉइड हार्मोनपासून त्याचं सक्रिय रूप टी३ बनवण्याचं मुख्य काम डी२ हे डिआयोडिनेज (आयोडीन काढणारं एन्झाइम) करतं, आणि ते प्रामुख्याने मेंदूतल्या आधारपेशींमध्ये, म्हणजे अ‍ॅस्ट्रोसाइटमध्ये असतं. न्यूरॉनमध्ये असतं डी३, जे हार्मोन निकामी करतं. दोन्ही पेशी एकत्र कुटून काढलेला आकडा कशाचाच नसतो. आधी जीएफएपी या अ‍ॅस्ट्रोसाइट ओळखायच्या प्रथिनाने शुद्धता तपासा.

सगळ्यात मोठा घात करतं पेशींच्या माध्यमात घातलेलं सिरम. त्यात टी४ आधीपासूनच असतो, आणि टी४ मिळाला की डी२वर युबिक्विटिन (नष्ट करायची खूण) चढतं, एन्झाइम प्रोटिअसोम या प्रथिनं तोडणाऱ्या यंत्रणेत जाऊन तासाभरात निम्म्याहून कमी उरतं. नवी मुंबईतल्या एका लॅबमध्ये नेमकं हेच झालं. डी२ वाढवायला १ मिलिमोलर डायब्युटिरिल सीएएमपी दिलं, पीसीआरवर डीआयओ२ या डी२च्या जनुकाचा मेसेज (एमआरएनए) भरपूर चढला, अ‍ॅक्टिव्हिटी मात्र जागची हलेना. मग डीटीटी (चाचणीत लागणारं क्षपणकारक) बदला, पेशींची बॅच बदला, असं बरेच दिवस चाललं. प्लेटमध्ये १० टक्के सिरम तसंच होतं, तिकडे कोणी पाहिलं नाही. मेसेज वाढला म्हणजे एन्झाइम वाढलं असं डी२च्या बाबतीत धरून चालताच येत नाही. पीसीआरवर थांबण्याची घाई इथे अजिबात खपत नाही. शंका असेल तर एक प्लेट एमजी-१३२ (प्रोटिअसोम रोखणारं रसायन) देऊन बघा: अ‍ॅक्टिव्हिटी वाढली तर एन्झाइम बनतंय, पण टिकत नाही.

आदल्या रात्रीच सिरम काढा. पण नुसतं काढून भागत नाही. सिरमबरोबर सेलेनियमही जातं, आणि डी२ हे सेलेनोप्रोटीन आहे. म्हणून माध्यमात ३० ते १०० नॅनोमोलर सेलेनाइट हवंच. टी४ प्लॅस्टिकला चिकटतो, त्यासाठी ०.१ टक्का बीएसए (गाईच्या सिरममधलं अल्ब्युमिन) घाला. कोळशाने हार्मोन काढलेलं सिरम हा दुसरा मार्ग, पण कोळसा स्टेरॉइडही ओढून घेतो, हे विसरू नका.

टी४ थेट पाण्यात विरघळत नाही. पातळ सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवा.

डीटीटी २० मिलिमोलर, त्याच दिवशी बनवलेलं. पावसाळ्यात इथल्या दमट हवेत फ्रिजमधली बाटली लगेच उघडली की पावडर ओल धरते. बाटली आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

डी१ हे दुसरं डिआयोडिनेज बाजूला ठेवायला १ मिलिमोलर पीटीयू हे त्याला रोखणारं औषध घाला. डी२ त्याला फारसं दाद देत नाही. शिवाय १०० नॅनोमोलर साधा (किरणोत्सारी खूण नसलेला) टी४ घातलेली एक ट्यूब प्रत्येक वेळी ठेवा: तो डी२ला पूर्ण गुंतवतो, म्हणून त्यात उरलेली अ‍ॅक्टिव्हिटी डी२ची नाही, ती वजा करा. ही ट्यूब वाचवणाऱ्यांचे आकडे आम्ही वाचत नाही.