खासगी तलावाच्या मातीच्या बांधाची तपासणी

नौकाविहारासाठी किंवा मासेमारीसाठी राखलेल्या खासगी तलावाचा मातीचा बांध तपासताना सर्वप्रथम सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जाण्याची वाट, पाहावा, कारण पाणी माथ्यावरून वाहू लागले की असा बांध फार काळ टिकत नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातले साउथ फोर्क धरण धनिकांच्या एका क्लबच्या मालकीचे होते. त्याचा माथा खाली आणलेला होता, तळाचे निचरा नळ पूर्वीच काढून टाकलेले होते आणि मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर बसवलेल्या जाळ्यांत ऐन पुरात कचरा अडकला. ३१ मे १८८९ रोजी ते फुटले आणि २,२०९ माणसे मृत्युमुखी पडली. म्हणून मालकाला मासे कितीही प्रिय असले, तरी सांडव्यात जाळी, फळ्या वा झुडपे राहू देऊ नयेत.

पावसाळ्यापूर्वी आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर बांधाच्या खालच्या, म्हणजे तलावाच्या विरुद्ध बाजूच्या, उतारावरून पायथ्यापर्यंत चालत जावे. पाझर स्वच्छ आणि स्थिर असेल, तर त्याची नियमित नोंद ठेवावी. परंतु तो वाढत असेल किंवा गढूळ येत असेल, तर बांधाच्या आतली माती वाहून जात आहे असे समजून खालच्या वस्तीला तत्काळ कळवावे, पाण्याची पातळी उतरवण्यास सुरुवात करावी आणि धरणांचा अनुभव असलेल्या अभियंत्याला त्याच दिवशी बोलवावे. तळाची झडप वर्षातून एकदा तरी उघडून पाहावी.