आधी रक्तवाहिन्या बघा, मग गाठ

लिव्हरचा ट्रायफेजिक सीटी (शिरेतून कॉन्ट्रास्ट औषध देऊन तीन वेगवेगळ्या क्षणांना, म्हणजे फेजेसना, काढलेला स्कॅन) उघडला की नवा रेसिडेंट थेट गाठीवर जातो. आर्टेरियल फेजमध्ये (कॉन्ट्रास्ट आर्टरीतून, म्हणजे धमनीतून, येत असताना) चमकते का, नंतर काळवंडते का, एवढं बघून नाव देऊन मोकळा होतो. ही सवय पहिल्या महिन्यातच मोडा. इमेज नेमकी कोणत्या क्षणाची आहे हे कळल्याशिवाय ‘चमकली’ या शब्दाला काही अर्थ नाही. आणि तो क्षण फिल्मवरच्या सेकंदांवरून ठरत नाही, पोर्टल (आतड्यांकडून लिव्हरला रक्त आणणारी) आणि हिपॅटिक (लिव्हरमधून रक्त बाहेर नेणाऱ्या) व्हेन्सवरून ठरतो.

लिव्हरला साधारण 75 टक्के रक्त पोर्टल व्हीनमधून आणि 25 टक्के हिपॅटिक आर्टरीतून येतं, हे पाठ असेलच. एचसीसी (हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमा, लिव्हरच्या पेशींचा कॅन्सर) होताना गाठीतले पोर्टल ट्रॅक्ट (पोर्टल व्हीन, आर्टरी आणि पित्तनलिका यांचे जुडगे) नाहीसे होत जातात आणि सोबतीला पित्तनलिका नसलेल्या सुट्या आर्टरी वाढतात. म्हणून ती आर्टेरियल फेजला उजळते, आणि पोर्टल रक्ताने बाकीचं लिव्हर उजळलं की मागे पडते.

आता खरी मेख. हवा असतो तो लेट आर्टेरियल फेज: हिपॅटिक आर्टरी पूर्ण भरलेली, पोर्टल व्हीनमध्ये कॉन्ट्रास्ट यायला लागलेला, हिपॅटिक व्हेन्स मात्र अजून रिकाम्या. पोर्टल व्हीन कोरडी असेल तर स्कॅन लवकर झालाय. कॉन्ट्रास्ट अजून मोठ्या आर्टरीतच आहे, गाठीत पुरेसा पोचलेला नाही. चांगली दोन सेंटिमीटरची एचसीसीसुद्धा लिव्हरमध्ये मिसळून जाते. हिपॅटिक व्हेन्स भरलेल्या असतील तर उशीर झालाय, चमक ओसरून गेली. दोन्ही वेळा रिपोर्टवर ‘हायपरव्हॅस्क्युलर (जादा रक्तपुरवठा असलेली) नाही’ असं जातं आणि ते खोटं असतं. त्यामुळे आर्टेरियल फेज कसा मिळाला, हे गाठीच्या वर्णनाआधी एका ओळीत लिहा. फेज चुकला असेल तर तसं स्पष्ट लिहा, त्यात कमीपणा काहीच नाही.

‘इंजेक्शननंतर 35 सेकंदांना स्कॅन सुरू करायचा’ हा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही. हृदय कमजोर असलेल्या पेशंटमध्ये तेव्हा कॉन्ट्रास्ट एओर्टातही (महाधमनीतही) धड आलेला नसतो. बोलस ट्रॅकिंग (कॉन्ट्रास्ट पोचल्याचं मशीननेच बघणं) लावा: एओर्टात 100 ते 150 हाउन्सफील्ड युनिट (सीटीवरच्या उजळपणाचं माप) झाले की साधारण 15 ते 20 सेकंदांनी स्कॅन. पुढे इंजेक्शनपासून मोजून पोर्टल फेज 60 ते 80 सेकंदांना आणि डिलेड 3 ते 5 मिनिटांनी. डिलेड गाळू नका, कित्येक वॉशआउट (चमकलेली गाठ नंतर लिव्हरपेक्षा काळी पडणं) तिथेच दिसतात.

एमआरआयला गॅडोक्सेटेट (लिव्हरच्या पेशींत शिरणारं कॉन्ट्रास्ट) वापरलं असेल तर नियम बदलतो. वॉशआउट फक्त पोर्टल फेजमध्ये मोजा. त्यानंतर लिव्हरच्या पेशी औषध आत घेतात, लिव्हर उजळतं आणि साधा हिमँजिओमाही (रक्तवाहिन्यांची सौम्य गाठ) काळा दिसतो. त्याला वॉशआउट म्हणालात तर निरुपद्रवी गाठ कॅन्सर ठरते.

वेळ नक्की झाली की सौम्य गाठी तितक्या अवघड नाहीत. हिमँजिओमाची कड नीट बघा: सलग वलय नसतं, तुटक ठिपके असतात, आणि प्रत्येक फेजमध्ये ते रक्ताइतकेच उजळ. एओर्टा शेजारी ठेवून जुळवा. भरणं कडेकडून आत. छोटे हिमँजिओमा एकदम पूर्ण भरतात आणि एचसीसीसारखे वाटतात, पण पुढच्या फेजमध्येही रक्तवाहिन्यांइतकेच उजळ राहतात. एफएनएच (फोकल नोड्युलर हायपरप्लेसिया, लिव्हरच्या पेशींची सौम्य गाठ) आर्टेरियल फेजला एकसारखा उजळतो आणि मग लिव्हरमध्ये विरघळतो. मधला व्रण उशिरा उजळतो. कॉन्ट्रास्ट अल्ट्रासाउंडवर (सूक्ष्म बुडबुड्यांचा कॉन्ट्रास्ट देऊन केलेल्या सोनोग्राफीत) एफएनएचची आर्टरी मधून बाहेर आऱ्यांसारखी पसरते. अॅडिनोमात (लिव्हरच्या पेशींचीच दुसरी सौम्य गाठ) वाहिन्या कडेकडून आत शिरतात. एफएनएच की अॅडिनोमा हे ठरेना तर ओढूनताणून ठरवू नका. अॅडिनोमाला रक्तस्रावाचा धोका असतो, म्हणून तो फरक महत्त्वाचा.

सलग वलय उजळलं तर मेटास्टॅसिस (दुसऱ्या अवयवातून पसरलेला कॅन्सर) किंवा कोलँजिओकार्सिनोमा (पित्तनलिकांचा कॅन्सर) डोक्यात आणा. कोलँजिओकार्सिनोमाचा मधला तंतुमय भाग सीटीवर उशिरा उजळतो. कॉन्ट्रास्ट अल्ट्रासाउंडचे बुडबुडे मात्र वाहिनीबाहेर जात नाहीत, म्हणून तिथे तीच गाठ 60 सेकंदांच्या आत धुऊन जाते. एचसीसीचा वॉशआउट 60 सेकंदांनंतर आणि हलका असतो. दोन तपासण्या एकमेकींविरुद्ध बोलताहेत असं वाटून घाबरू नका, दोन्ही बरोबर असतात.

डॉपलरवर (रक्तप्रवाह रंगात दाखवणाऱ्या अल्ट्रासाउंडवर) रंग दिसला नाही म्हणून ‘रक्तपुरवठा नाही’ लिहू नका. आधी पीआरएफ (वेगाची मर्यादा ठरवणारं सेटिंग) आणि वॉल फिल्टर (संथ प्रवाह गाळणारं सेटिंग) कमी करा, गेन (सिग्नलची तीव्रता) नॉइज येईपर्यंत वाढवून किंचित खाली आणा, श्वास रोखायला सांगा. हिमँजिओमातलं रक्त इतकं संथ असतं की तरीही रंग येत नाही.

लायरॅड्स (गाठ एचसीसी असण्याच्या शक्यतेनुसार श्रेणी देणारी पद्धत) फक्त सिऱ्होसिस (लिव्हर व्रणांनी कडक होणं), क्रॉनिक हिपॅटायटिस बी किंवा आधी एचसीसी झालेल्या प्रौढांसाठी आहे. निरोगी लिव्हरमधल्या गाठीला लायरॅड्स 5 (‘नक्की एचसीसी’) देणं ही साधी चूक नाही. त्या श्रेणीवर बायोप्सीशिवाय उपचार सुरू होतात. गुरू चांगला तोच, जो तुमच्या श्रेणीआधी पेशंटचा इतिहास विचारतो.

रिपोर्ट बंद करण्यापूर्वी पोर्टल व्हीनच्या फांद्या शेवटपर्यंत स्क्रोल करा. आत गुठळी दिसली तर ती आर्टेरियल फेजमध्ये उजळते का आणि डॉपलरवर तिच्यात आर्टरीचा प्रवाह सापडतो का, हे तपासा. साधी गुठळी उजळत नाही. उजळली तर गाठ व्हीनमध्ये शिरली आहे, आणि ट्रान्सप्लांटचा विचार चालू असेल तर सर्जनला फोन त्याच वेळी करायचा.